समान उजेडाचे दोन रंग

"एकशे ऐंशी, नव्वद, साठ," मी म्हणाले.

डॉक्टर मुजावर लिहून घ्यायला लागले आणि मध्येच थांबले. "काकू, हा फोन नंबर आहे की बीपी?"

"रंग आहे," माझ्या शेजारी बसलेला उपेंद्र म्हणाला. "विटकरी असणार. आमच्या घरात रंगांना नावं नसतात, आकडे असतात."

"विटकरीच. पण तुला कसं कळलं?"

"मघापासून तू खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत होतीस."

डॉक्टर हसले. मीही हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे कळायला मला पुढे बरेच आठवडे लागले.

उपेंद्र माझा नवरा. जन्मापासून त्याला लाल रंग दिसत नाही. मिरजेच्या त्या इस्पितळात आम्ही गेलो होतो ते तेवढ्यासाठीच. वयाची सत्तरी उलटल्यावर माणसं गुडघे बदलून घेतात, याला रंग बघायचा होता. "जन्मभर लोक लाल लाल करतायत," तो म्हणायचा. "एवढा गवगवा कशाचा आहे ते एकदा मला बघू दे."

आमची ओळखच रंगांवरून झाली. मी नोकरीला लागले तेव्हा पुण्यात संगणकावरचे खेळ करणाऱ्या चार-दोन छोट्या कंपन्या होत्या. आमची कंपनी कोथरूडला, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही. माझं काम कणांचं. खेळात तलवारीवर तलवार आपटली की ठिणग्या उडतात, घोडा दौडला की धूळ उडते, चूल पेटली की धूर निघतो. हे सगळं म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची झुंड असते. प्रत्येक ठिपका जन्मतो, थोडा उडतो आणि मरतो. जन्मताना त्याचा रंग कोणता, मरताना कोणता आणि मधल्या वेळात तो कसा बदलत जातो, हे तेव्हा हाताने लिहावं लागे. तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. चौथा आकडा पारदर्शकतेचा, म्हणजे ठिपका विरत कसा जाईल त्याचा. एक आकडा दहाने चुकला की ठिणगीची झेंडूची पाकळी व्हायची. मग पुन्हा आकडा बदल, पुन्हा खेळ चालव, पुन्हा बघ. एका शेकोटीत माझी अख्खी दुपार जायची, आणि ती दुपार वाया गेली असं मला कधी वाटलं नाही.

उपेंद्र तिथे आवाज करायचा. म्हणजे खेळातले आवाज. माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "ही ठिणगी गरम की गार?"

"गरम. पण मरताना गार होते."

"किती वेळात?"

"पापणी लवेपर्यंत."

मग तो जाऊन असा आवाज करून आणायचा की माझी ठिणगी दुप्पट झगझगीत वाटायची. मला वाटायचं, आवाजवाल्यांची ही विचारायची तऱ्हा असेल. आमचं लग्न ठरल्यावर एकदा मिसळ खाताना तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. मला लाल दिसत नाही. ही तर्री मला चिखलासारखी दिसते."

"मग माझ्या ठिणग्या?"

"त्या तू सांगतेस तशा असतात," तो म्हणाला आणि पाव मागवला.

तेव्हापासून त्याचे रंग मी सांगायचे. आंबा पिकलाय की नाही, शर्टाला पँट जाते की नाही, मुलीच्या हातावरची मेंदी रंगली की नाही. मुलगी परदेशी गेली, नोकऱ्या संपल्या, आम्ही मिरजेला त्याच्या वडिलांच्या घरी राहायला आलो, पण हे चालूच राहिलं. श्वास घेण्यासारखं होतं ते. आपण घेतोय हे लक्षातही येत नाही.

आता डॉक्टरांकडे येते. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन तऱ्हांच्या असतात. उपेंद्रच्या डोळ्यात तिसऱ्या तऱ्हेच्या पेशीत जे रंगद्रव्य लागतं, ते बनवण्याची कृतीच नव्हती. ती कृती एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर घालून डोळ्यात सोडायची. पेशी ती वाचतात आणि द्रव्य बनवायला लागतात. माकडांवर हे फार पूर्वीच जमलं होतं. माणसांवर, आणि तेही म्हाताऱ्या माणसांवर, आत्ता कुठे सुरू झालं होतं. दसऱ्याच्या सुमारास उपेंद्रच्या दोन्ही डोळ्यांत ती सुई गेली.

"सुई टोचणं सोपं," डॉक्टर मुजावरांनी समजावलं होतं. तरुण माणूस, बोलताना हाताने हवेत चित्रं काढायची सवय. "डोळा आता नवीन बातमी पाठवणार. पण काकांच्या मेंदूला ती बातमी वाचता येत नाही. जन्मभर आलीच नाही ना कधी. या बातमीचा काही उपयोग आहे असं त्याला वाटलं तरच तो ती वाचायला शिकेल. नाहीतर थोडे महिने वाट बघणार आणि कचरा समजून दार लावून घेणार. एकदा लावलं की लावलं. सुई दुसऱ्यांदा देता येत नाही, शरीर त्या विषाणूला ओळखून मारून टाकतं."

"किती महिने?" मी विचारलं.

"महाशिवरात्रीपर्यंत धरा."

आणि शिकवायचं कशाने, तर खेळाने. पडद्यावर राखाडी-हिरवट ठिपक्यांची धूळ वाहत राहते. मध्येच, कधी ते ठरलेलं नाही, त्या धुळीतून तांबड्या ठिपक्यांची एक झुंड निघून जाते. ती दिसली की बटण दाबायचं.

इथे अडचण होती, आणि तिथे माझी गरज लागली. उपेंद्रसारख्या माणसाला लाल काळपट दिसतो. म्हणजे साधी तांबडी झुंड त्याला रंग न दिसताही दिसेल, धुळीत गडद डाग दिसावा तशी. मग मेंदू रंग कशाला शिकेल? दोन्ही रंग त्याच्या डोळ्याला अगदी सारख्या उजेडाचे हवेत, फरक फक्त रंगाचा हवा. आता हल्ली खेळ करणारी मुलं आकडे लिहीत नाहीत. यंत्राला सांगतात, जरा उदास ठिणगी दे, आणि यंत्र देतं. पण ते यंत्र सगळं देखणं करून देतं. झुंडीला कुठेतरी चमक घालतं, कडेला सावली घालतं. डॉक्टर त्याला कंटाळले होते.

"मला हाताने आकडे टाकणारं माणूस पाहिजे," ते म्हणाले. "आणि तुमच्यासारखं आता कोण राहिलंय, काकू?"

"म्हणजे डायनोसॉर," उपेंद्र म्हणाला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी कोणीतरी मला आकडे मागत होतं.

हॉलमध्ये पडदा लावला, पडद्यासमोर त्याची खुर्ची, शेजारी माझी. मी तांबड्याचा आकडा चढवत नेला. त्याला काळपट वाटू नये इतका चढवला तेव्हा माझ्या डोळ्याला ती झुंड निखाऱ्यांसारखी दिसायला लागली. वर प्रत्येक ठिपक्याचा उजेड थोडा कमी-जास्त करून टाकला, म्हणजे उजेडावरून अंदाज बांधायचा म्हटलं तरी बांधता येऊ नये. रोज दुपारी चहा झाला की आम्ही बसायचो. पहिले काही दिवस त्याला काही दिसलं नाही. मग एक दिवस त्याने बटण दाबलं, आणि झुंड खरंच चालली होती. पुन्हा दाबलं. पुन्हा बरोबर.

"दिसतंय?" मी ओरडलेच.

"दिसतंय म्हणजे..." तो पडद्याकडे रोखून बघत होता. "काहीतरी थरथरतं. धूळ शहारल्यासारखी होते."

कार्तिक संपेपर्यंत तो दहातल्या नऊ झुंडी पकडायला लागला. मी मुलीला फोन करून सांगितलं. शेजारच्या कुंदाताईंना पेढे दिले. कुंदाताई म्हणाल्या, "कशाचे?" मी म्हटलं, "यांना लाल दिसायला लागलं." त्या म्हणाल्या, "अगोबाई, मग इतके दिवस कसं चालवलंत?"

आणि मग इस्पितळात पहिली तपासणी झाली. तोच खेळ, तेच आकडे, खोलीत फक्त उपेंद्र. मी बाहेर बाकावर.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचे हात खिशात होते. "काकू, घरी दहातले नऊ म्हणालात ना?"

"हो."

"इथे छापा-काटा केल्यासारखं आलंय. वेगळ्या पडद्यावर एवढा फरक पडणार नाही. तुमच्या घरच्या मांडणीत कुठेतरी गळती आहे, रंगाशिवाय दुसरीच काही खूण काकांना मिळतेय."

गळती! मला राग आला, पण मनातून मी थोडी सुखावलेही. चूक शोधणं हे माझं जुनं काम. खेळात एखाद्या ठिकाणी धूर उलटा वाहायला लागला की आम्ही एकेक गोष्ट बंद करून बघायचो. जी बंद केल्यावर धूर सरळ होईल, ती चोर.

घरी येऊन मी सुरू केलं. आधी ठिपक्यांचं आयुष्य. तांबडे ठिपके जरा जास्त जगत असतील का? सगळ्यांना सारखं आयुष्य दिलं. तरी नऊ. मग आकार. तरी नऊ. मग वाटलं, याचा कान! झुंड सोडताना संगणकावर काम पडतं, त्याच्या पंख्याचा आवाज कणभर बदलत असेल, आणि या माणसाला तेवढा कणभर पुरतो. संगणक आतल्या खोलीत नेला, दार लावलं, लांब वायर ओढली. तरी नऊ.

"अगं, मला दिसतंय हे मान्य करायला तुझी काय हरकत आहे?" उपेंद्र म्हणाला.

"मग दवाखान्यात का नाही दिसलं?"

"तिथे एसी होता. माझे डोळे कोरडे पडले."

शेवटी मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. त्याला न सांगता झुंडीचा रंग धुळीचाच करून टाकला. तेच तीन आकडे दोन्हीकडे. आता पडद्यावर दिसण्यासारखं काहीच नव्हतं. मला नाही, त्याला नाही, गरुडालाही नाही. झुंड कधी निघते ते फक्त माझ्या मांडीवरच्या टॅबच्या पाटीवर एका ओळीत उमटत होतं. पाटी मी त्याच्यापासून तिरकी धरली होती.

ओळ उमटली. त्याने बटण दाबलं.

पुन्हा उमटली. दाबलं.

 मी पाटीवर रुमाल टाकला. आता झुंड कधी निघते ते मलाही माहीत नव्हतं. उपेंद्र खूप वेळ गप्प बसला, मग दोन-तीनदा उगाच बटण दाबलं आणि म्हणाला, "आज काही दिसत नाही. तू काही बदललंस का?"

रुमाल काढला. ओळ उमटली, बटण दाबलं गेलं.

"उपेंद्र," मी म्हणाले, "तू माझा श्वास ऐकतोयस."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं. झुंड निघाली की माझा श्वास क्षणभर अडकत असणार, खुर्ची करकरत असेल, बांगडी हलत असेल. त्याचा कान ते टिपत होता आणि त्याचा मेंदू त्याला सांगत होता की तुला दिसलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ती धूळ शहारताना दिसत होती. फक्त ते त्याच्या डोळ्यातून येत नव्हतं, माझ्याकडून येत होतं.

तो म्हणाला, "म्हणजे विटकरीसुद्धा."

"हो. विटकरीसुद्धा."

डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते आधी हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "काकू, हे नुसतं खेळापुरतं नाही. घरात रंग कोण सांगतं?"

"मीच."

"मग मेंदू कशाला कष्ट करेल? त्याला घरपोच मिळतंय सगळं. आता असं करा. खेळाच्या वेळी तुम्ही त्या खोलीत नाही. आणि शिवरात्रीपर्यंत घरात कुठल्याही रंगाचं नाव काढायचं नाही. काही झालं तरी."

मला वाटलं, त्यात काय अवघड आहे?

पहिल्याच सकाळी मी म्हणाले, "जरा तो हि..." आणि जीभ चावली. हिरव्या झाकणाचा डबा हवा होता. "तो डबा दे."

"कुठला?"

"झाकणाचा."

"सगळ्यांना झाकणं आहेत, हेमा."

दिवसभरात मी किती रंग बोलते ते मला तेव्हा कळलं. उपेंद्र बाजारातून टोमॅटो घेऊन आला, त्यातले निम्मे कच्चे. मी गप्प. त्याची कोशिंबीर झाली, ती आम्ही तोंड वाकडं करून खाल्ली. कुंदाताईंच्या नातवाच्या मुंजीला तो एक पायमोजा एका रंगाचा आणि एक दुसऱ्या रंगाचा घालून निघाला. मी दारात उभी राहिले, त्याच्या पायांकडे बघितलं, आणि चप्पल घातली. मुंजीत कुंदाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, तुमचं काही बिनसलंय का?"

"नाही हो. वैद्यकीय आहे."

"पायमोजे?"

हसायला यायचं, पण हसणं हळूहळू कमी झालं. दुपारचा चहा झाला की तो एकटा हॉलमध्ये जायचा. मी मागच्या अंगणात, त्याच्या कानाच्या टप्प्याबाहेर, कपडे वाळत घालत नाहीतर नुसती बसून. तो बाहेर आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि तो मान हलवायचा. पाच. सहा. चार. पाच. छापा आणि काटा.

पूर्वी संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो आणि मी त्याला आभाळ सांगायचे. आता गच्चीवर आम्ही आवाजांबद्दल बोलायचो, किंवा पेन्शनबद्दल. एकदा तो म्हणाला, "आभाळ मला तसंही दिसायचं नाही. पण तू सांगायचीस तेव्हा काहीतरी असायचं तिथे."

"थोडेच दिवस राहिलेत."

"हं," तो म्हणाला.

संक्रांत गेली. आणि मग एक दिवस तो बाजारातून आला तो टोमॅटो घेऊन. एकूण एक पिकलेले. मी पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून बरोबर जोडीचे मोजे काढले. तिसऱ्या दिवशी खेळातून बाहेर आला आणि म्हणाला, "आठ."

मी त्याचा हात धरला.  त्या आठवड्यात मी पुरणपोळ्या केल्या. डॉक्टरांना फोन करावासा वाटत होता, पण म्हटलं, पुढच्या तपासणीत कळू दे त्यांचं त्यांना.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात होतो. मी नवा कप घेतला होता, मातीचा. तो हातात फिरवत उपेंद्र म्हणाला, "हा टेराकोटा छान आहे."

मी गॅस बंद केला.

"काय म्हणालास?"

"कप छान आहे."

"टेराकोटा म्हणालास. हा शब्द तुला कुणी शिकवला? या घरात आजपर्यंत कोणी टेराकोटा म्हटलेलं नाही. मी याला एकशे नव्वद, शंभर, सत्तर म्हणेन, कुंदाताई मातकट म्हणतील. टेराकोटा कोण म्हणतं?"

त्याने कानाशी हात नेला आणि कानातलं ते बारीक यंत्र काढून टेबलावर ठेवलं. हल्ली सगळ्यांच्याच कानात असतं ते. बातम्या सांगतं, रस्ता सांगतं. चष्म्याच्या दांडीवरच्या डोळ्याने बघतं आणि विचारलं तर समोरचं काय आहे तेही सांगतं. रंगसुद्धा.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"आणि खेळात?"

"खेळातही."

"अरे, पण का?" मी म्हणाले. "डॉक्टरांनी एवढं समजावलं. मेंदूला दुसरीकडून उत्तर मिळालं की तो शिकणार नाही. दोन महिने मी एक शब्द काढला नाही घरात! जिभेला गाठ मारून बसले. ते कच्चे टोमॅटो खाल्ले. आणि तू त्या डबड्याकडून..."

"मला जमत नाहीये, हेमा." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "रोज दुपारी मी बाहेर येतो आणि तू अंगणात उभी असतेस. बोर्डाचा निकाल लागायचा असल्यासारखी. रोज मी नापास होऊन येतो. आधी निदान तू शेजारी होतीस आणि मला वाटत होतं की दिसतंय. मला तेवढंही पुरलं असतं. म्हटलं, शिवरात्रीनंतर डॉक्टर दार बंद झालं म्हणून सांगतीलच. तोवर तू तरी खुश राहा."

"मी खुश राहू? खोट्या आठांवर? मी पुरणपोळ्या केल्या, उपेंद्र!"

"छान झाल्या होत्या."

"तुला लाज नाही वाटत? हे सगळं मला हवं होतं का? तूच म्हणालास बघायचंय म्हणून! डोळ्यात सुया तू टोचून घेतल्यास! मी फक्त आकडे टाकत होते. आणि आता सगळं माझ्यासाठी केलं म्हणतोस? माझ्या आनंदासाठी माझ्याशीच..."

"थांब," तो म्हणाला.

"काय थांब? उद्या डॉक्टरांसमोर काय सांगणार आहेस?"

"हेमा, थांब. एक मिनिट. तुझ्या कानांना काय झालंय?"

मी थांबले. तो खुर्चीतून उठला होता. चष्मा काढून त्याने टेबलावर ठेवला, यंत्राच्या शेजारी. मग अगदी जवळ आला. त्याचा चेहरा पार घाबरलेला होता.

"तुला ताप आहे का? काही चावलं का? ही पाळी बघ... आणि इथे, नाकाच्या बाजूला. पसरतंय ते. दुखतंय का तुला?"

"काय पसरतंय?"

"मला काय माहीत काय! कातडीच वेगळी झालीय तुझी. मघाशी नव्हतं. काळं नाही पडलेलं, तसं नाही. गडद नाही. नुसतं..." त्याला शब्द सापडेना. हाताची बोटं तो एकमेकांवर घासत होता, पूर्वी आवाज शोधताना घासायचा तशी. "गरम," तो म्हणाला. "गरम झाल्यासारखं. डॉक्टरांना फोन करू का?"

मी ओट्याला टेकले.

"उपेंद्र, मी चिडलेय."

"ते कळतंय मला. पण हे काय आहे?"

"चिडल्यावर माणसाचा चेहरा लाल होतो."

"हो, तसं म्हणतात."

"म्हणतात नव्हे. होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "खरंच होतो?"

"खरंच होतो."

"दरवेळी?"

"बहुतेक. मला माझा कुठे दिसतो?"

"मला वाटायचं ती बोलायची पद्धत आहे," तो म्हणाला. "डोकं फिरलं म्हणतात, पण डोकं काय फिरतं का? तसंच असेल म्हटलं. लालबुंद झाला, लालेलाल झाली. मी म्हटलं, लोकांना सवय असते असं बोलायची." तो खाली बसला. "म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यावर चिडायचीस तेव्हा हे व्हायचं? सगळ्यांना दिसायचं?"

माझ्या मनात लगेच शंका आली. ती जुनी खोड जात नाही. त्याने माझा आवाज ऐकला असेल, माझा श्वास ऐकला असेल. पण आवाजावरून त्याला राग कळला असता. राग त्याला नेहमीच कळायचा. आवाजावरून त्याला मला ताप आलाय असं कधीच वाटलं नसतं.

तरी मी म्हणाले, "बस समोर. तसाच. यंत्र तिकडेच राहू दे."

मी खुर्ची ओढली आणि खिडकीच्या उजेडात त्याच्यासमोर बसले. बांगड्या काढून ठेवल्या. हात मांडीवर, पाय जमिनीला टेकवून, श्वास संथ. आरसा कुठे नव्हता. माझ्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कुठूनही दिसण्याची सोय नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच असा प्रयोग होता ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

"सांग," मी म्हणाले आणि राग सोडून द्यायचा प्रयत्न केला.

तो खूप वेळ बघत राहिला. बाहेर कुंदाताईंच्या नळाला पाणी आलं होतं.

"उतरतंय," तो हळूच म्हणाला. "नाकाच्या बाजूचं गेलं. कानावर आहे अजून, कडेकडेला. आता तेही चाललं. ठिणगी जाते तसं, पण सावकाश."  मग, "गेलं. आता सगळं एकसारखं आहे."

मी डोळे मिटले आणि श्वास तसाच ठेवला. आणि मुद्दाम एक गोष्ट आठवली. फार जुनी, आमच्या दोघांचीच. कोणाला सांगण्यासारखी नाही.

खोलीत कुठलाच आवाज नव्हता.

"आलं!" उपेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात शाळकरी मुलासारखं काहीतरी होतं. "आलं परत. पण हे वेगळं आहे, हे गालांवर आहे. कानावर नंतर येतंय. आता आलं, बघ, पाळीवर आलं!"

मी हात वर नेऊन कानाची पाळी धरली. गरम होती.

"कशाचा विचार करत होतीस?" त्याने विचारलं.

"सांगणार नाही," मी म्हणाले.